समुद्राकाठची सदनिका भाड्याने घेताना काय पाहावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एक कुटुंब डिसेंबरात पाच रात्रींसाठी दक्षिण गोव्यात जाऊ इच्छिते. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या पत्नी आणि चार, सात व अकरा वर्षांची तीन मुले अशी एकूण नऊ माणसे आहेत. धाकटा भाऊ अमेरिकेहून येणार आहे. हॉटेलच्या चार खोल्या घेण्याऐवजी ‘अगदी किनाऱ्यावरची’ तीन शयनगृहांची सदनिका घ्यावी असा विचार आहे. ती खरोखर किनाऱ्यावर आहे हे कसे ओळखावे, आगाऊ रक्कम किती द्यावी आणि हा व्यवहार मुळात परवडतो का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली सोळा वर्षे दक्षिण गोव्यात इतरांच्या मालकीच्या सदनिका पर्यटकांना देण्याचे आणि सांभाळण्याचे काम करतो. त्याआधी काही वर्षे दापोली तालुक्यात घरगुती निवासांचे काम पाहत असे. माझे पोट याच व्यवसायावर आहे, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे. इतक्या वर्षांत ज्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यांत समुद्राबद्दलची क्वचितच एखादी असेल. बाकी सगळ्या पाणी, वीज, कुलूप, शेगडी आणि जिना यांच्याबद्दलच्या होत्या. लोक जागा समुद्र पाहून ठरवतात आणि पाच दिवस राहतात मात्र घरात. म्हणून पारख घराची करावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

तरीही सुरुवात समुद्रापासूनच करू, कारण जाहिरातींत सर्वांत जास्त ताणला जाणारा शब्द ‘किनाऱ्यावर’ हाच आहे. किनारी भागातील बांधकामांवर १९९१पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेचे निर्बंध आहेत. साधारणपणे भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यांत येतो आणि ग्रामीण किनाऱ्यावर त्यातील पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामांना जवळजवळ मज्जावच होता. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ही मर्यादा ५० मीटरांवर आणण्याची तरतूद केली खरी, पण आज उभ्या असलेल्या बहुतेक इमारती जुन्या नियमांच्या काळातल्या आहेत. त्यामुळे कोलवा, बाणावली, वार्का या भागात लिफ्ट, पोहण्याचा तलाव आणि गाडीतळ असलेले नव्या धाटणीचे संकुल वाळूला लागून असेल ही शक्यता कमीच. असे संकुल बहुधा काही शे मीटर आत, मध्ये शेत, माड किंवा कोणाची तरी वाडी सोडून उभे असते. खरोखर वाळूलगत असतात ती जुनी घरे, काही जुनी हॉटेले आणि हंगामापुरत्या उभारलेल्या झोपड्या. नव्या सदनिकेच्या जाहिरातीत ‘समुद्र पन्नास पावलांवर’ असे लिहिलेले असेल, तर आधी शंका घ्यावी आणि मग फोन करावा.

शंका फेडण्याचा उपाय सोपा आहे. इमारतीचे नेमके स्थान मागून घ्यावे आणि उपग्रह नकाशावर दारापासून वाळूपर्यंतचे अंतर रस्त्याने मोजावे. सरळ रेषेत मोजू नये, कारण मधली वाडी खासगी असते आणि तिला कुंपण असते. सरळ रेषेत २०० मीटर दिसणारा समुद्र पायवाटेने ७०० मीटरांवर निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. त्यानंतर मालकाला किंवा केअरटेकरला दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल करावा आणि सदनिकेच्या दारापासून वाळूपर्यंत फोन हातात धरून चालत जायला सांगावे. किती मिनिटे लागतात, वाटेत वाहता रस्ता ओलांडावा लागतो का, कुत्र्यांची टोळी कुठे बसते, रात्री दिव्याची सोय आहे का, हे सगळे त्या चालण्यात दिसते. जो माणूस हे करायला तीन-तीनदा सबबी सांगतो, त्याच्या ताब्यात ते घर नसावे असे समजून पुढे जावे. आपल्या कुटुंबात आजोबा आणि चार वर्षांचे मूल आहे. त्यांच्या पायांनी पाच मिनिटांत वाळू येत असेल तर ते घर किनाऱ्यावर आहे असे मी मानतो. पंधरा मिनिटे लागत असतील, तर समुद्रावर दिवसातून एकदाच जाणे होते, तेही उन्हे उतरल्यावर.

समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीविषयी एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपला समुद्र पश्चिमेला आहे. डिसेंबरातही दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट त्या खोलीत येते आणि सरकता काचेचा दरवाजा असेल तर खोलीची भट्टी होते. सकाळी मतलई वारे जमिनीकडून वाहतात, त्यामुळे पूर्वेकडच्या खोल्यांना हवा मिळते. दुपारनंतर खारे वारे सुटतात तेव्हा पश्चिमेची बाल्कनी सुखाची होते. म्हणून दुपारी दोन तास झोपणाऱ्या आजी-आजोबांना मागची खोली द्यावी आणि समुद्र दिसणारी खोली ज्यांना संध्याकाळी बसून गप्पा मारायच्या आहेत त्यांनी घ्यावी. बाल्कनीच्या कठड्याच्या दोन गजांमध्ये मोठ्या माणसाची मूठ सहज शिरत असेल, तर चार वर्षांच्या मुलासाठी ती जागा धोक्याची आहे. कठड्यालगत ठेवलेली खुर्ची तर पहिल्या दिवशीच आत ओढून ठेवावी.

आता घराकडे वळू. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, हे कोकणात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही; पुण्या-नाशिकच्या माणसाला मात्र त्याचा अर्थ कुलपाशी उभे राहिल्यावर कळतो. रात्री नऊ वाजता किल्ली अर्धीच फिरते, मुले पेंगुळलेली असतात आणि केअरटेकरचा फोन लागत नाही. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातील जाळीला बोट लावले की भुगा हातात येतो. असे यंत्र आवाज करते, पण खोली गार करत नाही. म्हणून छायाचित्रे पाहताना गालिचा आणि उशा पाहू नयेत. नळांच्या बुडाशी, बिजागऱ्यांवर, गीझरखाली आणि खिडकीच्या गजांवर गंज किती आहे ते पाहावे. जो मालक बिजागऱ्या बदलतो, तो बाकीचेही सांभाळतो. माझ्याकडच्या घरांत मी कुलपे दर पावसाळ्यानंतर बदलतो आणि हा खर्च मालकांना पटवायला मला तीन वर्षे लागली.

पाण्याबद्दल दोन प्रश्न विचारावेत. वापराचे पाणी नळाचे आहे, विहिरीचे आहे की टँकरचे? आणि टाकी किती लिटरची आहे? किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी लागते. डिसेंबरात ही अडचण सहसा नसते, पण नऊ माणसे समुद्रावरून एकदम परतली आणि प्रत्येकाने दोनदा अंघोळ केली तर ५०० लिटरची टाकी दुपारीच रिकामी होते आणि संकुलाचा पंप ठरलेल्या वेळीच सुरू होतो. यालाच जोडून इमारतीच्या खाली पाय धुवायचा नळ आहे का, हेही विचारावे. प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो नळ नसेल तर सगळी वाळू न्हाणीघरात येते, जाळीखाली बसते आणि तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत पाणी तुंबते. प्लंबरला बोलावण्याचे माझे निम्मे फोन याच कारणाने होतात. विजेचे म्हणाल तर इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, वातानुकूलन यंत्र चालत नाही. लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे आजोबांसाठी स्पष्ट विचारून घ्यावे. एकदा लिफ्टची मोटर जळालेली असताना मीच एका वृद्ध दांपत्याला तिसऱ्या मजल्यावरची सदनिका दिली, ‘संध्याकाळपर्यंत होईल’ या तंत्रज्ञाच्या शब्दावर. दुरुस्ती तिसऱ्या दिवशी झाली आणि ते दोन दिवस त्या आजी खाली उतरल्याच नाहीत. तेव्हापासून गुडघे दुखणारे कोणी येणार असेल, तर मी तळमजला किंवा पहिला मजलाच सुचवतो, मग तिथून समुद्र न का दिसेना.

स्वयंपाकघराविषयी सविस्तर लिहितो, कारण सदनिका घेण्याचे खरे कारण तेच असते. ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ या शब्दांखाली मी काय काय पाहिले आहे म्हणून सांगू! तीन लिटरचा एकच कुकर आणि त्याची रबरी रिंग कडक झालेली, टोमॅटोही न कापणारी सुरी, लायटर नाही, पोळपाट आहे तर लाटणे नाही, सहा ताटे आणि चार वाट्या. नऊ माणसांसाठी पाच लिटरचा कुकर, मोठा तवा, दोन पातेली, मिक्सर आणि भरलेला दुसरा सिलिंडर एवढे आहे का, याचे छायाचित्र मागवावे. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार कोण आणून देतो आणि त्याचे पैसे वेगळे का, हेही त्याच वेळी विचारावे. घरून मसाला, चहाची पूड, गाळणी आणि एक धारदार सुरी न्यावी. पाव विकत घ्यायला कुठे जावे लागत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत दारावरून जातो आणि त्याच्याकडची गरम पोळी, म्हणजे कोंड्याचा पाव, मुलांना चपातीचा विसर पाडते.

इथे थोडे परखड बोलतो. सदनिका स्वस्त पडते असे म्हणताना हिशेब पुरा मांडला जात नाही. समजा भाडे रात्रीला १२,००० रुपये आहे. पाच रात्रींचे ६०,००० झाले. निवासाच्या भाड्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत ५ टक्के झाला. त्यापुढच्या भाड्यावर तो १८ टक्केच आहे. म्हणजे कराचे १०,८०० रुपये आणि स्वच्छतेचे समजा २,५०० धरून एकूण ७३,३०० होतात. हॉटेलची एक खोली न्याहारीसह ५,५०० रुपयांना मिळाली, तर चार खोल्यांचे पाच रात्रींचे १,१०,००० आणि ५ टक्के कर धरून १,१५,५०० होतात. वरवर पाहता सुमारे ४२,००० रुपये वाचले. पण त्या पैशांत हॉटेलात कोणीतरी न्याहारी करते, भांडी घासते आणि अंथरुणे काढते. सदनिकेत ही कामे घरातल्या बायकांच्या वाट्याला येणार असतील, तर ती बचत त्यांच्या सुट्टीतून झाली. वाचलेल्या रकमेतून गावातील एखाद्या बाईंना सकाळच्या स्वयंपाकासाठी आणि भांड्यांसाठी पाचही दिवस बोलावावे, त्यांचे पैसे आधी ठरवावेत आणि रात्रीचे जेवण बाहेर घ्यावे. केअरटेकरला आठवडाभर आधी सांगितले, तर अशी सोय बहुतेक ठिकाणी होते. हे करायचे नसेल, तर सरळ हॉटेल घ्यावे. सदनिकेचा खरा फायदा पैशांचा नाहीच. मुले झोपल्यावर सहा मोठी माणसे एका दिवाणखान्यात बसू शकतात आणि आजींना पहाटे पाचला स्वतःचा चहा करून घेता येतो, यासाठी ती घ्यावी.

तारखांविषयी मी आग्रहाने सांगेन. नाताळ ते नववर्ष या दहा दिवसांत भाडी दुपटीहूनही वर जातात, पाच ते सात रात्रींची अट घातली जाते आणि आगाऊ रक्कम परत मिळत नाही. अमेरिकेतील भावाची रजा जमत असेल, तर १६ ते २१ डिसेंबर असा बेत करावा. मुलांच्या शाळेचे चार-पाच दिवस बुडतील, ते बुडू द्यावेत. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे आधी घर पक्के करून मग तिकिटांसाठी बसणे जमते. विमानाने येणार असाल, तर दक्षिण गोव्यासाठी दाबोळी सोयीचे आहे. मोपाला उतरल्यास वार्क्यापर्यंत दीड-दोन तास गाडीत जातात. रात्रभराच्या बसने येणाऱ्यांची फजिती ठरलेली असते. बस सकाळी सातला सोडते आणि घर मिळते दुपारी दोनला, कारण आधीचे पाहुणे अकराला निघतात आणि स्वच्छतेला वेळ लागतो. सामान ठेवायला जागा, तोंड धुवायला न्हाणीघर आणि आजोबांना पाठ टेकायला एखादी खोली सकाळी मिळेल का, हे आधी विचारून ठेवावे. न मिळाल्यास मडगावात अर्ध्या दिवसासाठी एक खोली घेणे शहाणपणाचे.

आता पैसे आणि कागद. गोव्यात पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरे १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदवावी लागतात. मालकाकडे नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागावी. त्यावरील नाव, बँक खात्यावरील नाव आणि आपल्याशी बोलणाऱ्याचे नाव यांचा मेळ बसतो का ते पाहावे. मधला माणूस माझ्यासारखा व्यवस्थापक असेल, तर मालकाचे संमतिपत्र मागण्यात संकोच करू नये. मी ते स्वतःहून पाठवतो. आगाऊ रक्कम २५ ते ३० टक्के रास्त आहे, सणासुदीला ५० टक्क्यांपर्यंत समजू शकतो. संपूर्ण रक्कम आजच भरल्यास मोठी सूट देतो, असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. दुसऱ्याच्या घराची छायाचित्रे लावून पैसे उकळणारे याच आमिषाने गाठतात. तसा प्रकार घडलाच, तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

तोंडी ठरलेले सगळे एकाच संदेशात लिहून मालकाकडून ‘मान्य’ असे उत्तर घ्यावे. त्यात तारखा, येण्या-जाण्याच्या वेळा, माणसांची संख्या, जादा गाद्या, एकूण रक्कम करासह, अनामत आणि ती परत देण्याची मुदत, रद्द केल्यास काय कापणार हे सगळे यावे. माणसांची संख्या लपवू नये. तीन शयनगृहांच्या सदनिकेची मर्यादा अनेकदा सहा-सात माणसांची असते आणि संकुलाच्या फाटकावर नोंदवही असते. नववा माणूस तिथेच अडतो. काही गृहसंस्था अल्पमुदतीच्या पाहुण्यांना तलाव वापरू देत नाहीत किंवा पोहण्याचा ठरावीक पोशाख सक्तीचा करतात, तेव्हा मुलांना तलावाचे आश्वासन देण्यापूर्वी विचारून घ्यावे. सर्व प्रौढांची ओळखपत्रे लागतील. भावाच्या कुटुंबात कोणाचे पारपत्र परदेशी असेल, तर घरमालकाला त्यांच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. छोट्या मालकांना हे ठाऊक नसते किंवा त्यांना ते नको असते, म्हणून हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावा.

पाण्यात उतरण्याविषयी थोडेसे. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८पासून ‘दृष्टी’ संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा पोहण्यासाठी असतो आणि लाल झेंडा असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. कोकणातील जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्यात भरती साधारण तासभर आधी येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सकाळी दहाच्या सुमारास पाणी चढलेले असते आणि वाळूचा पट्टा अरुंद होतो. त्याच दिवशी दुपारी चारनंतर वाळू ऐसपैस उघडी पडते आणि मुलांना किल्ले करायला जागा मिळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. तारखा ठरवताना कालनिर्णय जवळ असेलच, तिथीही पाहून घ्यावी. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणे आणि मद्यपान करणे गोव्यात दंडनीय आहे, आणि वाळूवर गाडी नेण्याचा मोह तर कुठेही करू नये. ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत निघेलच असे नाही.

घरात शिरल्यावर सामान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. प्रत्येक खोलीचे, गाद्यांचे, काचेच्या वस्तूंचे आणि वीज मीटरच्या आकड्याचे छायाचित्र घेऊन मालकाला तेव्हाच पाठवावे. काही ठिकाणी वीज वेगळी आकारतात आणि आधीच्या पाहुण्यांची युनिटे आपल्या माथी येतात. प्रत्येक नळ सोडावा, गीझर लावून पाहावा, वातानुकूलन यंत्रे सुरू ठेवून पंधरा मिनिटांनी हात लावून पाहावा आणि सगळ्या कुलपांच्या किल्ल्या बाहेरून फिरवून पाहाव्यात. काही बिघडलेले आढळले, तर पहिल्या तासात कळवलेल्या तक्रारीला मालक उत्तर देतो; चौथ्या दिवशी सांगितलेली तीच गोष्ट अनामतीतून कापली जाते. निघताना मीटरचे दुसरे छायाचित्र घ्यावे आणि केअरटेकरला सोबत घेऊन फिरून मगच किल्ल्या त्याच्या हातात द्याव्यात. पुण्याची बस संध्याकाळची असेल आणि घर अकराला सोडायचे असेल, तर ओले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे आदल्या संध्याकाळीच वाळत घालावेत. डिसेंबरातली किनाऱ्यावरची रात्र दमट असते आणि सकाळी वाळत टाकलेला कपडा अकरापर्यंत वाळत नाही.